पालकाची सही

शुक्रवारी शाळा सुटता सुटता कारकूनबाईंनी थोरलीच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं, "मॅडम, हे तुम्हीच बघा," एवढंच म्हणाल्या आणि डबा उचलून चालत्या झाल्या. एरवी बदली तासाची साधी गोष्ट सांगायला त्यांना पाऊण तास लागतो. त्या चार शब्दांत आटोपतात म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार, हे उपमुख्याध्यापिकेच्या खुर्चीत अकरा वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. थोरलीला वाटलं, कुणाच्या तरी रजेचा अर्ज असेल.

आज रविवार, दुपारचे तीन. ते पाकीट घरच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं, आणि ज्यांच्या सह्या त्यात होत्या ते सगळे टेबलाभोवती बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मधला मीठदाणीचं झाकण लावत आणि काढत होता.

"मी वाचते," थोरली म्हणाली. "मध्ये कुणी बोलायचं नाही."

"अगं, पण ताई..."

"हे मध्येच झालं."

तिने चार अर्ज पत्ते मांडावेत तसे ओळीने मांडले. चारही शाळेचे छापील, चारही फिकट पिवळे, चारही एकाच विद्यार्थिनीचे. नववी फ, हजेरी क्रमांक एकतीस. म्हणजे मुंगी. धाकट्याची मुलगी आणि घरातलं एकुलतं एक नातवंड. स्वतःपेक्षा मोठी वस्तू सतत उचलून नेत असते म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं होतं, आणि त्या वस्तू तिच्या पाठीवर ठेवणाऱ्यांत ते स्वतः पहिले होते.

पहिला अर्ज बँडचा. 'पालकाची सही' या रेघेवर बाबांची सही होती, बँडमास्तर म्हणून चौतीस वर्षं केली तशीच, शेवटी ऐटदार वळसा घालून. दुसरा नाटकाचा, त्यावर मधल्याची सही. मधला त्याच शाळेत भाषा शिकवतो आणि नाटकं बसवतो. शिकवण्यापेक्षा बसवतो जास्त. तिसरा शाळेच्या मासिकाचा; सही मुंगीच्या आईची, म्हणजे शाळेच्या ग्रंथपालबाईंची. चौथा बास्केटबॉलचा, सही धाकट्याची. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. शाळेशी त्याचा पगाराचा संबंध नाही, पण शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली तरी मैदानावरून जाताना त्याची चाल बदलते.

"चार उपक्रम, चार पालक," थोरली म्हणाली. "एवढे पालक असलेली मुलगी आपल्या शाळेत आहे हे आधी कळलं असतं, तर पालकसभेला एक बाक जास्त मागवला असता."

कुणी हसलं नाही. नियम सगळ्यांना पाठ होता. गेल्या वर्षी याच टेबलावर तिने तो लिहिला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. दोन हजार तीनशे मुलं, एक्केचाळीस उपक्रम आणि सभागृह एकच. पालक एकेका मुलाच्या नावाने सहा-सहा अर्ज भरायचे; मुलं तालमीतून सामन्याला, सामन्यातून गाण्याला पळायची आणि गणिताच्या तासाला डोकं टेकून झोपायची. म्हणून नियम चौथा: एका विद्यार्थ्याला दोनच उपक्रम. तिसरा अर्ज सापडला, की वर्षभरासाठी सगळ्याच उपक्रमांतून नाव कमी. नियमाला दात हवेत, असं थोरली तेव्हा म्हणाली होती.

ते दात पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा कुणाला तरी लागले. नववी ड मधली एक मुलगी, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारी. तिचे तीन अर्ज निघाले. तिच्या आईचं चष्म्याचं दुकान आहे. ती बाई दुकान बंद ठेवून आली आणि थोरलीच्या खोलीत अर्धा तास भांडून गेली. थोरलीने आवाज न चढवता तिला ऐकवलं होतं, "नियम सगळ्यांना सारखा. उद्या माझ्या घरचं मूल असलं तरी हेच."

शुक्रवारपासून हे वाक्य तिला जेवू देत नव्हतं.

"उद्या सकाळी यादी मुख्याध्यापिकांकडे द्यायची आहे," ती म्हणाली. "नियम लावला तर मुंगी वर्ष संपेपर्यंत सगळ्यातून बाहेर. नाही लावला, तर त्या दुसऱ्या मुलीला मी कुठल्या तोंडाने काढलं?"

"काढलंस तेव्हाच मी म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "पंधरा दिवस माझ्याकडे दुसरी क्लॅरिनेट नाही. डाव्या बाजूला ऐकू येण्यासारखं भोक पडलंय."

"तुमच्याकडे? तुम्हाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बाबा."

"नवीन मास्तर पोरगा गुणी आहे. मला मागे बसू देतो."

"तुम्ही मागे बसून हातवारे करता, आणि मुलं त्याच्याकडे न बघता तुमच्याकडे बघतात. तो माझ्या खोलीत येऊन रडतो."

"त्याचा ताल पळतो," बाबा म्हणाले आणि विषय संपवल्यासारखे खुर्चीत मागे टेकले.

मधल्याने मीठदाणी खाली ठेवली. तडजोडीचं बोलायचं असलं की त्याचा आवाज मऊ व्हायचा; मुख्य भूमिका मागायला आलेल्या मुलाला झाडाचं काम देताना तो हाच आवाज वापरायचा. "ताई, आपण व्यवहाराने घेऊ. दोन चालतात ना? दोन ठेव. दोन हरवले. शाळेत कागद हरवतात. माझ्या नाटकाची आख्खी संहिता तुझ्या ऑफिसात हरवली होती."

"ती हरवली नव्हती. मी वाचली होती."

धाकट्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं.

"पण कल्पना वाईट नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या बोलतात तेव्हा समोर कुणी पुस्तक उशिरा परत करत असल्याचा भास होतो. "फक्त कुठले दोन, हे ठरवायला फार डोकं लागणार नाही. अर्जावर 'पालक' लिहिलंय. आजोबा किंवा काका लिहिलेलं नाही. म्हणजे मासिक आणि बास्केटबॉल."

धाकट्याने बायकोकडे कौतुकाने पाहिलं. गेले तीन आठवडे दोघं कपाटाच्या दारावरून एकमेकांशी धड बोलत नव्हते. आता एकदम एका बाजूला आले.

"वा!" मधला म्हणाला. "म्हणजे आम्ही परके? बाबा, ऐकलंत?"

बाबा आणि मधला यांच्यात तीन वर्षं सभागृहाच्या मंगळवारावरून वैर होतं. बँडला मंगळवार हवा, नाटकाला मंगळवार हवा. दोघं शाळेच्या व्हरांड्यात समोरासमोर आले तर एकजण नळावर पाणी प्यायला वळायचा. पण बाबांनी आत्ता मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "नाटकात निदान संगीत असतं," ते उदारपणे म्हणाले. "बँड आणि नाटक. दोन्ही लोकांसमोर सादर होतं. मासिक कोण वाचतं?"

"चारशे प्रती जातात, बाबा."

"जातात. वाचतं कोण?"

मधल्याने ग्रंथपालबाईंचा चेहरा पाहिला आणि वारा फिरवला. "खरं तर मासिक आणि नाटक अशी जोडी बघा. ती नाटकात काम करेल आणि त्यावर लिहीलही."

"स्वतःच्याच नाटकाचं परीक्षण?"

"बाहेरचे लिहितात ते वाचून तर मी आजारी पडतो."

ग्रंथपालबाई विचारात पडल्या, आणि त्या पडल्या हे धाकट्याच्या लक्षात आलं. "आणि बास्केटबॉल?"

"अरे, ती बाकावर बसते," मधला म्हणाला. "राखीव आहे. वर्षभरात सामन्यात किती मिनिटं खेळली सांग."

"तो प्रश्न नाही."

"किती?"

"चार."

"चार मिनिटं!"

"सव्वाचार," धाकटा म्हणाला आणि नळ गळतोय का बघायला उगाच उठून सिंकपर्यंत जाऊन आला.

थोरलीने कपाळाला हात लावला. अर्ध्या तासात तीन युत्या जुळून दोन मोडल्या होत्या, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिचं नाव या चौघांपैकी कुणाच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. शाळेत स्नेहसंमेलनाच्या बैठकीला एक्केचाळीस उपक्रमांचे एक्केचाळीस प्रमुख बसतात. त्यांना ती सव्वा तासात गुंडाळते. या चौघांपुढे तिचे हात टेकत होते.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तुमच्यातले तिघं रोज त्याच इमारतीत असता. पोरगी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळतेय, हे एकालाही दिसलं नाही?"

मग एकेकाने हळूहळू कबूल केलं. बाबांनी मुंगीला सांगितलं होतं, 'घरात बोलू नकोस, काका खट्टू होईल.' मधल्याने सांगितलं होतं, 'आत्ताच सांगू नकोस, आजोबांना वाईट वाटेल.' आईने सांगितलं होतं, 'बाबांना नंतर सांगू.' धाकट्याने सांगितलं होतं, 'आईला मी सांगतो,' आणि सांगितलं नव्हतं. या घरात सांगतात सगळे. विचारत कुणी नाही.

"मी बसू का?"

मुंगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. टेबलाची सहावी खुर्ची तिची, पण तिच्यावर बँडचं मोठं पितळी वाद्य पिशवीत घालून ठेवलेलं होतं. तिने ते उचलून भिंतीला टेकवलं आणि बसली. पंधरा वर्षांची मुलगी. दमलेल्या हमालासारखी बसली.

"आत्या, चारच का मांडलेस?"

"चारच आहेत."

"पाच आहेत. तुझा कुठाय?"

"माझा कसला?"

"वादविवादाचा. जुलैमधला. आई मावशीकडे गेली होती, तुमचा एक वक्ता आजारी पडला, आणि तू म्हणालीस, 'आण इकडे, सही मीच करते.'"

मधल्याचा चेहरा पडदा उघडावा तसा उजळला. पण तो काही बोलला नाही. असल्या जागी विराम किती घ्यायचा हे त्याला कळतं.

थोरली उठली. तिची कामाची पिशवी व्हरांड्यात खुंटीला होती. वादविवाद मंडळ तिचंच. त्याचे अर्ज तिच्याच फायलीत राहतात, कारकूनबाईंकडे जातच नाहीत. तपासायला जाणार कुणाकडे, तर तिच्याकडेच. तिने फाईल उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या पानं उलटली. नववी फ, एकतीस. 'पालकाची सही' या रेघेवर तिची सही. खाली 'उपक्रमप्रमुखाची सही' या रेघेवर तिचीच सही. एकच पेन, एकच घाई. तारीख बाकीच्या चारही अर्जांच्या नंतरची, आणि नियम तिने स्वतः लिहिला त्यानंतरची तर होतीच. त्या फेरीचा विषयही तिला आठवला: 'नियमांशिवाय शिस्त नाही.' मुंगी बाजूने बोलली होती. दुसरा क्रमांक मिळाला होता.

ती परत आली आणि पाचवा अर्ज चौथ्याच्या शेजारी ठेवला. ठेवताना कडा जुळवून ठेवला, सवयीने.

टेबलाभोवती इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मधल्याने टाळी वाजवली. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून अर्ज पुन्हा वाचला. धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. "तू सुरात नाहीस हे मला मघाशीच जाणवलं होतं," बाबा म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," मधला म्हणाला. "उपमुख्याध्यापिकाच सामील आहे म्हटल्यावर पाचही हरवले. चहा टाका कुणीतरी."

"म्हणजे मला ठेवणार," मुंगी म्हणाली, "आणि तिला नाही?"

"कुणाला?"

"क्लॅरिनेटला. ती माझ्या शेजारी बसायची. तिच्या नावाचे अर्ज तिने कुठे भरले होते? दोन तिच्या आईने आणि एक मामाने. ती मधल्या सुट्टीत बँडच्या खोलीबाहेर उभी राहते. आत येत नाही, नुसती उभी राहते." तिने टेबलावरचे पाच कागद बोटाने थोडे मागे सारले. "लाव ना नियम. तिला लावलास तसा मलाही लाव."

"मुंगे, वेडेपणा करू नको," धाकटा म्हणाला.

"सकाळी साडेसहाला मैदान. मधल्या सुट्टीत मासिक. मंगळवार-गुरुवार बँड, सोमवार-बुधवार-शुक्रवार नाटक, शनिवारी वादविवाद. वर्षभर बाहेर राहिले तर निदान झोपेन तरी."

"आणि अभ्यास कधी करतेस?" बाबांनी विचारलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही जरा उशीर झाल्यासारखं वाटलं असावं.

"बसमध्ये."

"मला का नाही सांगितलंस?" थोरली म्हणाली. तिला हे रागाने विचारायचं होतं. आवाज तसा निघाला नाही.

"काय सांगू? प्रत्येकाने बोलू नको म्हटलं होतं. तूसुद्धा."

थोरलीने मोबाईल घेतला. नंबर तिच्याकडे होता. पंधरा दिवसांत त्यावरून तिला सात फोन येऊन गेले होते, सातही तिने उचलले नव्हते. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"हॅलो?"

"मी उपमुख्याध्यापिका बोलतेय."

"ओळखला आवाज," चष्म्याच्या दुकानवाली म्हणाली. मागे कुणीतरी काचेचा ड्रॉवर सरकवत होतं. "काय राहिलंय आता?"

"तुमच्या मुलीचे तीन अर्ज निघाले होते."

"माहीत आहे. पुन्हा मोजायला फोन केलात?"

"माझ्या भाचीचे पाच निघालेत."

ड्रॉवरचा आवाज थांबला. "किती?"

"पाच. पाचवी सही माझी आहे."

पलीकडे ती बाई हसली. चांगलं हसणं नव्हतं, पण अगदी वाईटही नव्हतं. "पाच! आमच्या घरात तेवढी माणसंच नाहीत हो. मॅडम, एक धंद्यातली गोष्ट सांगते. काही लोकांना समोरच्या रस्त्यावरची पाटी स्वच्छ वाचता येते, हातातला कागद मात्र वाचता येत नाही. येऊन नंबर काढून घ्या."

मधल्याने दाद द्यायला तोंड उघडलं. थोरलीने बोट उगारून ते मिटवलं.

"येईन," ती म्हणाली. "आधी हे ऐका. नियमातली शिक्षा मागे घ्या म्हणून मी उद्या मुख्याध्यापिकांना लेखी देतेय. का, तेही लिहून देतेय. तुमची मुलगी उद्याच बँडच्या खोलीत बसेल. पण एक अर्ज लागेल. तो तिने तिच्या हाताने भरायचा. तुम्ही सही करायची, तिने लिहिल्यावर."

"मला बुद्धिबळ हवं होतं तिच्यासाठी."

"तुम्हाला विचारलेलं नाहीये."

"असं? तुमच्या घरात विचारता वाटतं?"

थोरलीने टेबलाकडे एकदा नजर फिरवली. "नाही," ती म्हणाली. "फोन ठेवला की विचारणार आहे."

"मला कळवा काय झालं ते," बाई म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

"लेखी?" मधला म्हणाला. "ताई, तोंडी सांग काय ते! उपक्रमांचं सगळं काम काढून घेतील तुझ्याकडून."

"घेऊ देत. तुला देतील बहुतेक."

"मला नको," मधला इतक्या पटकन म्हणाला की बाबासुद्धा हसले.

थोरलीने पिशवीतून एक कोरा पिवळा अर्ज काढला, मुंगीला उठवलं, स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर लगेच चर्चा सुरू झाली. बँडला दोन मतं मिळतील असं बाबांचं म्हणणं ऐकू येत होतं. मुंगीने ओट्यावरची ताटं बाजूला केली, नाव लिहिलं, वर्ग लिहिला, पेनचं टोक दातात धरलं आणि मग एका रेघेत एकच शब्द लिहिला. दुसरी रेघ तिने रिकामी सोडली. बास्केटबॉल.

थोरलीला आपल्या मंडळाची आशा होती, हे तो शब्द वाचल्यावर तिला कळलं. ती म्हणाली, "चार मिनिटं खेळतेस तू."

"सव्वाचार."

"तुला तिथे बाकीच्यांसारखं येत नाही, मुंगे."

"म्हणूनच. बँडमध्ये मी आजोबांची नात असते. नाटकात काकाची पुतणी. तुझ्याकडे तर विचारूच नकोस. बास्केटबॉलचे सर नवीन आहेत, त्यांना मी कुणाची कोण हे माहीतच नाही. मला नुसतं चौदा म्हणतात. चेंडू सुटला तर चौदाच्या हातून सुटतो, घरातल्या कुणाच्या नाही." तिने पेनला टोपण लावलं. "बाबांना सांगू नको आत्ता. सांगितलंस तर उद्या साडेसहाला मैदानावर येऊन उभे राहतील."

थोरलीने उपक्रमप्रमुखाच्या रेघेवर काहीच लिहिलं नाही. तिने अर्ज मधोमध उलटा दुमडला, शब्द मागच्या बाजूला गेला आणि वर फक्त 'पालकाची सही' ही रेघ बाहेर राहिली. दोन नखांनी तिने घडी पक्की केली आणि दार उघडलं.

"काय लिहिलं?" तिघांनी एकदम विचारलं. चौथा, धाकटा, विचारायला घाबरला होता.

"इथे सही," थोरली म्हणाली आणि घडीवर पंजा ठेवून कागद धाकट्यापुढे सरकवला. "आईची आणि वडिलांची. बाकी कुणी पेनला हात लावायचा नाही. बाबा, तुम्हीही."

ग्रंथपालबाईंनी घडीकडे, मग लेकीकडे पाहिलं आणि सही केली. धाकटा पेन हातात धरून बसून राहिला.

"ताई, पण कशावर करतोय ते तरी बघू दे. न वाचता सही कोण करतं?"

"आजवर तिला न विचारता केलीस ना? आता न वाचता कर."

धाकट्याने एकदा मुंगीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. सव्वाचार मिनिटं गेली ती गेलीच, असा चेहरा करून त्याने खाली वाकून सही केली.